फ्लॅट रविवारी अकराला बघू नये

बडोद्यात भाड्याचा फ्लॅट दाखवतात तो रविवारी सकाळी अकराला. त्या वेळी नळाला पाणी असतं, पार्किंग रिकामं असतं आणि दलालसुद्धा अंघोळ करून आलेला असतो. पण भरूच-अंकलेश्वरला अपडाउन करणाऱ्याचा त्या घराशी संबंध पहाटे साडेपाचचा आणि रात्री नऊचा. तेव्हा फ्लॅट त्याच वेळांना बघावा, असं माझं मत. दलालाचं नाही.

‘स्टेशन दहा मिनिटं’ म्हणजे कुठलं स्टेशन, ते आधी वदवून घ्यावं. मकरपुरा, विश्वामित्रीला मेमू लोकल मिळते, बहुतेक एक्सप्रेस सुसाट निघून जातात. छायापुरी तर अहमदाबाद-गोध्रा मार्गावरच्या गाड्यांसाठी. तिथे उभं राहून अंकलेश्वर येत नाही. मुख्य स्टेशन असलं तरी भायली-वासण्याच्या माणसाला अलकापुरीची बाजू सोयीची, वाघोडिया रोडवाल्याला सयाजीगंजची.

खरा घात पाण्यात. ‘टॉप फ्लोअर, हवा फर्स्टक्लास’ असं म्हणतात तेव्हा टाकी तुमच्या डोक्यावरच असते. पाण्याच्या दर मीटर उंचीमागे दाब साधारण ०.१ बार, शॉवरपासून टाकी तीन मीटर वर, म्हणजे जेमतेम ०.३. एवढ्या दाबाला ताटाएवढा रेन शॉवर तीर्थ दिल्यासारखा थेंब थेंब देतो. गॅस गीझर बऱ्याचदा पेटतच नाही, कारण त्याची गॅसची झडप पाण्याच्या दाबानेच उघडते. म्हणून वीस लिटरची बादली न्यावी. दोन मिनिटांत भरली तर उत्तम. पाच लागली तर प्रेशर पंप कोण बसवणार, ते करारात लिहून घ्यावं. नळाच्या तोंडाची जाळीही फिरवून काढावी. पांढरा थर दिसला की पाणी जड, बहुधा बोअरचं. गीझरच्या कॉइलवरही तोच लेप चढलेला असणार. मालक याला ‘मिनरल वॉटर’ म्हणतील. हसून सोडून द्यावं.

मॉड्युलर किचनमधला चकचकीत हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, सिलिंडरचा आणि इमारतीत गॅस पाइपचा, ही जोडी हमखास जमते. पाइपचा गॅस कमी दाबाचा, त्यात उष्णताही कमी, म्हणून त्याला मोठ्या भोकाचा जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी तोटी, लागतो. सिलिंडरचा जेट तसाच ठेवला तर ज्योत निरांजनाएवढी आणि डाळ संध्याकाळपर्यंत. उलट केलं तर पिवळा भडका. जेट कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावेत. शेजारच्या हुशार काकांकडून नको.

करार अकरा महिन्यांचा, कारण एका वर्षाच्या वरचा भाडेपट्टा १९०८च्या कायद्याने नोंदवावा लागतो. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून किल्ली घेतानाच मीटरचा फोटो काढावा. नाहीतर आधीच्या भाडेकरूच्या एसीचा गारवा तुमच्या खिशाला. ‘रिव्हर व्ह्यू’ ऐकलं की बेसमेंटच्या भिंतीवरची ओल बघावी आणि ऑगस्ट २०२४मध्ये पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते वॉचमनला विचारावं. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आणि त्यांना पार्किंगचे नंबर समजत नाहीत.

शेवटी मुलाखत. मराठी आडनाव ऐकलं की मालकीणबाई गोड आवाजात विचारतात, “नॉनवेज तो नथी ने?” उत्तर देण्याआधी चिमणीचा पाइप कुठे उघडतो ते बघावं. तो बाथरूमच्या डक्टमध्ये सोडलेला असेल, तर तळलेल्या बोंबलाची बातमी सातव्या मजल्यावर तुम्ही ताट वाढायच्या आधी पोचते.