एक्झिट पोल आणि पेनल्टी कॉर्नर

क्रिकेटचा सामना घरात कोणी लावत नाही, तो आपोआप लागलेला असतो. महिला हॉकीचा आंतरराष्ट्रीय सामना लावायचा म्हटले, की मात्र अर्ज, विनंती आणि हमीपत्र अशी सगळी कागदपत्रे तयार ठेवावी लागतात. ‘किती वेळ चालणार?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘पुरुषांची नाही ना?’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरे नम्रपणे दिली, तरी निकाल ठरलेलाच असतो : ‘मग हायलाइट्स बघ की रात्री.’ ज्या खेळात चेंडू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ लागतो, त्या खेळाचे हायलाइट्स म्हणजे गोल झाल्यावर मुलींनी एकमेकींना मारलेल्या मिठ्या. कॉलेजात असताना हॉकी खेळलेल्या बाईला एवढ्यावर समाधान मानता येत नाही, हे आमच्या घरात अजून कोणाला पटलेले नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये बिहारमधल्या राजगीरला महिलांची आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धा झाली, तेव्हा या प्रश्नाला नवेच वळण लागले. सामने प्रकाशझोतात खेळवावेत, तर दिव्यांभोवती किड्यांचे थवे जमतात, म्हणून वेळा अलीकडे आणण्यात आल्या आणि भारताचे सामने पावणेपाचला सुरू होऊ लागले. पावणेपाच ही नोकरदार माणसाच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीची वेळ आहे. ती धड कचेरीची नसते आणि धड घरचीही नसते. साहेबांना नेमक्या याच वेळी सकाळपासून अडलेल्या फायली आठवतात. मोबाइल फायलीच्या आड ठेवून, आवाज बंद करून मी जे सामने पाहिले, त्यांत गोल झाला की चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची कला मला अवगत झाली. थायलंडविरुद्ध मात्र भारताने 13 गोल केले आणि एकट्या दीपिकाने त्यांतले पाच मारले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, ‘मॅडम, काही चांगली बातमी आहे का?’

मी बातमी सांगितली. त्यावर तो म्हणाला, ‘थायलंडमध्ये हॉकी खेळतात?’

महिला हॉकीच्या चाहत्याला हे एक स्वतंत्र दुःख सोसावे लागते. आपल्या मुली जिंकल्या तर समोरचा संघ कच्चा असतो आणि हरल्या तर आपल्या मुलीच कच्च्या असतात. त्याच वर्षी जानेवारीत रांचीला ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत आपला संघ जर्मनीकडून बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये आणि नंतर जपानकडून एका गोलने हरला आणि पॅरिसची वाट बंद झाली, तेव्हा ज्यांनी तो सामना पाहिला नव्हता, त्यांनीच मला ‘कुठे कमी पडतात आपल्या मुली’ हे सविस्तर समजावून सांगितले होते. राजगीरला साखळीत चीनला 3–0 असे हरवले आणि मी आठवण करून दिली, की हाच चीन पॅरिसमध्ये रौप्यपदक घेऊन आला आहे. त्यावर उत्तर मिळाले, ‘त्यांनी दुसरी टीम पाठवली असेल.’

उपांत्य फेरीत जपानला 2–0 असे हरवून भारत अंतिम फेरीत पोहोचला आणि समोर पुन्हा चीन आला. अंतिम सामना बुधवारी, 20 नोव्हेंबरला होता. ही तारीख ऐकताच महाराष्ट्रातल्या वाचकाच्या लक्षात येईल, की त्याच दिवशी विधानसभेच्या 288 जागांसाठी मतदान होते. सार्वजनिक सुट्टी! साहेब नाहीत, फायली नाहीत आणि सामना पावणेपाचला. नियती एवढी अनुकूल असली, की पुढे काहीतरी वाढून ठेवलेले असते, हे मी ओळखायला हवे होते. आमची नावे अजून फलटण तालुक्यातल्या सासरच्या गावच्या यादीत आहेत आणि ‘मतदान गावातच’ हा आमच्या मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, दंडक आहे.

गावच्या घरात टीव्ही एक आहे आणि मतदानाच्या दिवशी तो मामांचा असतो. सकाळी सातला पहिल्या रांगेत उभे राहून, बोटाला शाई लावून घेऊन ते जे बातम्यांसमोर बसतात, ते साडेसहाला एक्झिट पोल सुरू होईपर्यंत तिथून हलत नाहीत. पलंगावर तक्क्याला टेकलेले मामा, त्यांच्या मांडीवर रिमोट आणि सोप्यात येणारी-जाणारी भावकी, असा तो दरबार होता. अशा दरबारात सुनेने उभे राहून ‘मला हॉकी बघायची आहे’ म्हणणे किती अवघड असते, हे सुनांनाच कळेल. ह्यांना मध्ये घालून पाहिले, पण असल्या प्रसंगी ह्यांना नेमके रानात मोटर चालू करायला जावे लागते.

शेवटी मी ठेवणीतले अस्त्र काढले. ‘मामा, टीममध्ये आपली आसूची मुलगी आहे. फाळक्यांची वैष्णवी.’

आसू हे फलटण तालुक्यातलेच गाव. वैष्णवी विठ्ठल फाळके भारताच्या संघात आहे आणि आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघातही होती, ही माहिती खरे तर तालुक्यात सगळ्यांना असायला हवी होती. मामा तक्क्यावरून उठून ताठ बसले. ‘आसूच्या फाळक्यांची? अगं मग आधी का नाही बोललीस?’ असे म्हणून त्यांनी रिमोट माझ्या हाती दिला. पाठोपाठ अटही घातली : ‘सहा-वीसला बंद. साडेसहाला एक्झिट पोल आहेत.’

सामना लागला तेव्हा निळ्या मैदानावर पाण्याचे फवारे उडत होते.

‘हे काय करत्यात?’

मी सांगितले, की मैदानावर कृत्रिम गवत असते आणि सामन्याआधी त्यावर पाणी मारतात.

‘म्हणजे प्लास्टिकचं गवत?’

‘हो.’

‘आणि त्याला पाणी पाजत्यात?’ पाटपाण्याच्या पाळीसाठी रात्र-रात्र जागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते पाहून माझा धीर खचला. गवत कोरडे असले, तर चेंडू उसळतो आणि खेळाडू पडली की अंग सोलवटून निघते. ओल्या गवतावरून चेंडू वेगाने आणि सरळ जातो, हे सगळे मी सांगितले. ते ऐकून भावकीतल्या एका काकांनी ‘इथं उसाला मिळंना’ एवढाच अभिप्राय दिला. विषय बदलावा म्हणून मी किड्यांमुळे सामन्याची वेळ अलीकडे घ्यावी लागल्याचे सांगितले. त्यावर मामा खूश झाले. ‘येणारच की. हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी आपण एक बल्ब लावतो, तर टबभर पडत्यात. यांनी एवढा मोठा प्रकाश सापळा लावलाय, मग काय होणार?’ संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक हरेंद्र सिंग स्वतः बिहारचेच आहेत, ही माहिती मी पुरवली, तेव्हा ‘मग त्यांना ठाऊक असायला पायजे होतं’ असा ठपका त्यांच्यावर ठेवून मामांनी तो विषय संपवला.

पहिल्या दोन सत्रांत मी सामना पाहिला असे म्हणणे धाडसाचे होईल. मी शिकवणी घेतली. चेंडू मोठ्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे ‘डी’च्या, आतून मारला तरच गोल धरतात, हे ऐकून काका म्हणाले, ‘मग बाहेरनं मारत्यात कशाला?’ स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने मारावा लागतो, हे आमच्या जाऊबाईंना अन्यायकारक वाटले. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल समोरच्यांना मिळणारी गोलची संधी, भारताला मिळाला आणि चीनच्या चौघी जणी तोंडाला मुखवटे बांधून गोलरक्षकाशेजारी गोलरेषेमागे उभ्या राहिल्या, तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. बाकीच्या मुली मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे का पळाल्या, याचे उत्तर देईपर्यंत चेंडू बाहेरही गेला होता.

सगळ्यात मोठा घोटाळा बदली खेळाडूंनी केला. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बाहेर येते आणि पुन्हा आत जाते; त्या वेगाने साठ मिनिटे कोणीही सलग पळू शकत नाही, म्हणून ही सोय आहे. पण आमच्या घरात सगळे वैष्णवीवर नजर ठेवून बसले होते. ती बाहेर बसलेली दिसली, की ‘बसवली! बसवली आपल्या पोरीला!’ असा गलका व्हायचा आणि यामागे कोणाचा हात असावा यावर चर्चा सुरू व्हायची. ती पुन्हा आत आली की ते आपल्या दबावामुळे झाले, असा सर्वांचा समज व्हायचा. कर्णधार सलीमा टेटे झारखंडची आहे हे कळल्यावर तर काकांनी दोन राज्यांतल्या राजकारणाचा संबंधही लावून दाखवला.

मध्यंतराला गोलफलक कोरा होता. ‘दहा मिनिटं आहेत ना? तेवढ्यात टक्केवारी बघू,’ म्हणून मामांनी रिमोट परत घेतला. पाच वाजेपर्यंत राज्यात 58 टक्क्यांच्या वर मतदान झाले होते. या आकड्याचा फायदा कोणाला, यावर पडद्यावर सहा चौकटींतले सहा जण एकाच वेळी बोलत होते आणि आमच्या सोप्यात त्याहून जास्त. मी घड्याळाकडे पाहत होते. ‘मामा, सुरू झालं असेल,’ असे मी दोनदा हळूच म्हणाले. ‘हां, हां, एवढं बारामतीचं ऐकू दे,’ असे उत्तर आले.

वाहिनी बदलली तेव्हा आपल्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. तिसऱ्या सत्राच्या पहिल्याच मिनिटाला, म्हणजे सामन्याच्या 31व्या मिनिटाला, पेनल्टी कॉर्नरवर दीपिकाने गोल केला होता. त्या स्पर्धेतला तिचा हा अकरावा गोल. एवढे गोल दुसऱ्या कोणीच केले नव्हते आणि अंतिम सामन्यात एवढा एकच झाला. तो मी मिठ्यांसकट हायलाइट्सच्या रूपात पाहिला. मामा म्हणाले, ‘बघ, झाला की नाही गोल? आपण नव्हतो म्हणूनच झाला.’ हे ऐकून सोप्यात सर्वांनी माना डोलावल्या. यापुढे निर्णायक क्षणी वाहिनी बदलावी, असाही एक विचार मांडला गेला आणि तो हाणून पाडताना मला सुनेची पायरी थोडी ओलांडावी लागली.

मग 42व्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. समोर फक्त गोलरक्षक, मारणारी दीपिका. एव्हाना आत्या पीठ लागलेले हात तसेच घेऊन पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या होत्या. चीनच्या ली टिंगने तो स्ट्रोक अडवला. एवढा वेळ खेळाचा एक नियमही मान्य न केलेल्या काकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मामा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘सांगत होतो, चॅनेल बदला म्हणून.’

शेवटच्या सत्रात मला कोणी काही विचारत नव्हते. ज्यांना तासाभरापूर्वी अर्धवर्तुळ ठाऊक नव्हते, ते आता ‘डीतून बाहेर काढ, बाहेर काढ’ असे सलीमाला बजावत होते. चीनने मुसंडी मारली, की जाऊबाई टीव्हीसमोर उभ्या राहायच्या आणि त्यांना बसवण्यासाठी दुसरे कोणी उभे राहायचे. त्यामुळे शेवटची काही मिनिटे मी जाऊबाईंची पाठ, काकांची टोपी आणि त्यांच्यामधल्या फटीतून दिसणारा निळा तुकडा एवढेच पाहिले. घड्याळाची वेळ संपली हे मला आरडाओरड्यावरून समजले. भारताने 1–0 ने सामना जिंकला होता आणि 2016 व 2023 नंतर करंडक तिसऱ्यांदा आपल्याकडे आला होता.

साडेसहा वाजून गेले. पदके गळ्यात पडत होती आणि त्या घोळक्यात वैष्णवी कुठली, यावर दोन तट पडले होते, म्हणून रिमोटला कोणी हात लावला नाही. तेवढ्यात पलीकडच्या वाड्यातले तात्या घाईघाईने आत आले. त्यांच्याकडची वीज गेली होती. चप्पल काढता काढता त्यांनी विचारले, ‘काय म्हणतोय एक्झिट पोल? कोण येतंय?’

‘आपण आलो,’ मामा म्हणाले. ‘एक-शून्यनं.’

तात्यांना काहीच उलगडेना. मामांनी त्यांना शेजारी बसवून घेतले, शाई लागलेले बोट हवेत फिरवून एक अर्धवर्तुळ काढले आणि पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगायला घेतले. गोलरेषेमागे पाच जणी का असतात, याचे कारण त्यांनी साफ चुकीचे सांगितले. मी तोंड उघडणार, एवढ्यात काका म्हणाले, ‘तू थांब गं, त्यांना सांगू दे.’