एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावला की जुनी पिकअप खरंच ओढते?

जुन्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक दावा फिरून फिरून येतो. कधी रील असते, कधी नुसता मजकूर. सार एकच: "कंपनीचा एअर फिल्टरचा डबा गाडीचा गळा दाबतो. डबा काढून टाका, हजार-दीड हजारांचा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, उघडा) बसवा. घाटात गाडी ओढेल, लिटरमागे 2-3 किलोमीटर ॲव्हरेज वाढेल, आणि तोच फिल्टर धुऊन धुऊन आयुष्यभर वापरा. शोरूमवाले हे सांगणार नाहीत."

उदाहरणाला 2523 सीसीचं टर्बो डिझेल इंजिन असलेली जुनी बोलेरो पिकअप घेऊ. लासलगावच्या कांद्यापासून नारायणगावच्या टोमॅटोपर्यंत माल वाहायला हीच गाडी उभी असते.

आधी "गळा दाबतो" याबद्दल. किती दाबतो हे मोजता येतं आणि मोजायला लॅब लागत नाही. गवंडी वापरतो ती पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, इंग्रजी यू आकारात फळीला बांधा, अर्धी पाण्याने भरा. एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपावर चोक इंडिकेटरची (फिल्टर बुजल्याचं दाखवणाऱ्या खुणेची) जागा असते तिथे जोडा, दुसरं उघडं ठेवा. पाईप चांगली लांब घ्या, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. शेजारी कुणाला तरी बसवून माल भरलेली गाडी चढावर फुल रेसला न्या आणि दोन बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते पाहा. जागेवर उभं राहून रेस देऊन उपयोग नाही. लोड नसताना टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, पुरती हवा ओढत नाही.

डिझेल इंजिनांसाठी साधारण 60 सेंटिमीटरचा फरक ही मर्यादा धरतात. तिथे पोचलं की फिल्टर बदला. आता हे लक्षात घ्या की बाहेरची हवा जो दाब देते तो जवळपास 1000 सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. म्हणजे फिल्टर बदलायच्या लायकीचा झाला तरी अडवणूक 6 टक्के. फिल्टर चांगला असेल आणि फरक समजा 25 सेंटिमीटर आला, तर अडीच टक्के. उद्या फिल्टर पूर्ण काढून गाडी उघड्या तोंडाने चालवली तरी यापेक्षा जास्त पदरात पडणार नाही. कोन लावून त्यातलं निम्मं मिळालं तरी खूप झालं.

बरं, ती हवा मिळाली तरी पुढे काय? "जास्त हवा, जास्त ताकद" हे वाक्य अर्धवट आहे. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसते. ते मिळेल तेवढी हवा घेतच असतं, आणि ताकद ठरते पंप किती डिझेल सोडतो त्यावर. पंपाचं सेटिंग तेच, तर ताकदही जवळपास तीच. हवा कमी पडते आहे का, हे सायलेन्सर सांगतो: चढावर सतत काळा धूर मारत असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी आहे. पण तशा गाडीत दोष डब्याच्या आकारात क्वचितच असतो. फिल्टर बुजलेला असतो, इंटरकूलरचा (टर्बोने तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज फाटलेला असतो, क्लॅम्प ढिला असतो, किंवा टर्बो थकलेला असतो. होज फाटलेल्या गाडीला कोन लावला तर फाटका होज आणि कोन, दोन्ही तुमच्याकडे असतील.

मला या दाव्यातली सगळ्यात मोठी गफलत वाटते ती गरम हवेची, आणि व्हिडिओत त्याबद्दल अवाक्षर नसतं. कंपनीच्या डब्याला एक तोंड असतं, ते बाहेरची हवा घेतं. डबा काढून कोन बसवला की तो बोनेटच्या आत, रेडिएटरच्या मागच्या गरम हवेत येतो. एप्रिलमध्ये कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी चढते आहे असं समजा. बाहेर 40-45 अंश, बोनेटखाली 75. हवा 45 वरून 75 अंशांवर गेली की साडेआठ टक्के विरळ होते. म्हणजे गळा मोकळा करून अडीच टक्के मिळवायला निघालात आणि तापलेल्या हवेपायी साडेआठ टक्के घालवून बसलात. इंटरकूलर यातलं थोडं भरून काढतो, सगळं नाही. आणि हे होतं नेमकं कुठे, तर चढावर, संथ वेगात, माल भरलेला असताना. थंडीतल्या सकाळी मोकळ्या हायवेवर फरक जाणवणार नाही. व्हिडिओ बहुधा तेव्हाच काढलेला असतो.

ॲव्हरेजचा मुद्दा तर कागदावरच निकाली निघतो. गाडी लिटरला 12 देते असं धरा. 2-3 वाढणं म्हणजे 17 ते 25 टक्के वाढ. आता फिल्टर अगदी मर्यादेपर्यंत बुजलेला घेऊ. 2000 आरपीएमला त्यातून हवा ओढायला इंजिनाचे साधारण 250 वॉट जातात. टर्बोमुळे हिशेब थोडा वाढतो, म्हणून सरळ 500 धरू. सपाट रस्त्यावर लोडेड गाडी पळवायला 20 किलोवॉट लागत असतील तर हे झाले अडीच टक्के, तेही फेकायच्या लायकीचा फिल्टर असताना. मग 25 टक्के येणार कुठून?

ही समजूत येते ती जुन्या काळातून. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) पेट्रोल गाडीत फिल्टर बुजला की मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं, त्यामुळे फिल्टर बदलला की ॲव्हरेज खरंच सुधारायचं. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासलं. इंधन इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत बुजलेला फिल्टर बदलून ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. वेग घ्यायला मात्र गाड्या 6 ते 11 टक्के चपळ झाल्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत ॲव्हरेज 2 ते 6 टक्के सुधारलं. नीट वाचा: ही तुलना बुजलेल्या आणि नव्या फिल्टरची आहे. कंपनीचा नवा फिल्टर विरुद्ध कोन अशी नाही.

"पण लावल्यावर फरक जाणवतो हो!" जाणवतो ना, कानाला. डबा हवेचा आवाज दाबायचं कामही करतो. तो गेला की टर्बोची शिट्टी केबिनमध्ये ऐकू येते आणि गाडी पळते आहे असं वाटतं. कुणाला तो आवाज आवडत असेल तर हरकत नाही, फक्त त्याला ॲव्हरेज म्हणू नका.

आता "धुऊन आयुष्यभर वापरा". इथे पैशाचा खरा प्रश्न आहे. हे इंजिन 2000 आरपीएमला टर्बोसकट तासाला 200 घनमीटरच्या घरात हवा ओढतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या सात खोल्यांतली हवा. उसाच्या फडातला रस्ता, वीटभट्टी, खडी क्रशर अशा ठिकाणी घनमीटरला 100 मिलिग्रॅम धूळ धरली, तर तासाला 20 ग्रॅम धूळ फिल्टरवर आदळते. चांगला कागदी फिल्टर 99.5 टक्के अडवतो असं समजा, आणि स्वस्तातला, दोन-तीनदा धुतलेला कोन 97 टक्के. फरक अडीच टक्क्यांचा दिसतो, पण आत किती जातं ते बघा: पहिल्यातून तासाला 0.1 ग्रॅम, दुसऱ्यातून 0.6. सहापट. ही धूळ म्हणजे बरीचशी वाळू, लोखंडापेक्षा कठीण. ती आधी टर्बोच्या पंख्याची धार खाते, मग सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा. वर्षा-दीड वर्षात ऑइल कमी व्हायला लागतं, ऑइलचं झाकण काढलं की धूर मारतो, मग मिस्त्री म्हणतो, इंजिनाचं काम निघालं. तेव्हा कुणाला कोन आठवत नाही.

सगळे कोन वाईट असं मी म्हणत नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे तेल लावायचे कॉटन फिल्टर बऱ्यापैकी गाळतात. पण ते हजारात मिळत नाहीत, आणि त्यांना तेल बेतानेच लावावं लागतं. कमी लावलं तर धूळ आत, जास्त लावलं तर कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाड्यांत ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं आणि इंजिन भलतंच वागायला लागतं. साध्या पंपाच्या गाडीत तो सेन्सर नसतो, एवढाच दिलासा.

हवेच्या नळीने कागदी फिल्टर झाडून पुन्हा पुन्हा घालणं हाही त्याच जातीचा उपाय. पंक्चरवाल्याकडच्या जोरात कागदाला बारीक चिरा पडतात, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत. शिवाय थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त बारीक गाळतो, तेव्हा दर आठवड्याला त्याला उचकटायचं कारण नाही.

पावसाळ्याचं तर कुणी बोलतच नाही. काही जण कोन खाली, हेडलाइटच्या मागे बसवतात. रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल आणि तो पाण्याशी टेकला, तर पाणी थेट सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड.

राहिलं शोरूमवाल्यांचं गुपित. कागदी फिल्टर काही शे रुपयांना मिळतो. इंजिनाच्या कामाचं बिल त्याच्या कैक पट असतं. त्यांना तुमच्याकडून पैसाच काढायचा असता तर त्यांनी तुम्हाला कोन आग्रहाने विकला असता.

मग कमी खर्चात करायचं काय? कंपनीचाच डबा ठेवा. आत फिल्टर बसतो तिथलं रबर कडक झालं असेल तर बदला, झाकणाच्या क्लिपा घट्ट बसतात का पाहा. बाहेरची हवा घेणारं तोंड जुन्या गाड्यांत बऱ्याचदा तुटलेलं किंवा ॲक्सिडेंटच्या कामात गायब झालेलं असतं. ते परत बसवा. गरम हवेचा प्रश्न तिथेच मिटतो, आणि माझ्या मते या सगळ्या यादीत पैसा वसूल करणारं हेच एक काम. मग फिल्टर ते टर्बो हा रबरी होज काढून हाताने वाकवा. घडीच्या आतल्या चिरा वाकवल्यावरच दिसतात. आतून पांढरं फडकं फिरवा. ब्रीदरचं (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीचं) थोडं तेल लागलं तर घाबरू नका, पण मातकट, कचकच लागणारं काही आलं तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आहे. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होजही असेच तपासा. तिथे गळती असली की बाहेर तेलकट काळा डाग दिसतो.

हे सगळं ठीक असूनही गाडी ओढत नसेल तर हवेचा नाद सोडा. नोझल आणि पंप तपासून घ्या, क्लच घसरतो का बघा. आणि त्याही आधी जॅक लावून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकेक चाक हाताने फिरवून पाहा. ब्रेक धरून बसलेलं चाक हमखास सापडतं.