नोटा तपासायच्या बॅटरीला शिसं दिसत नाही

हळदीची बिटं, म्हणजे बाजारातले लिलाव, सुरू झाली की हा फॉरवर्ड दरवर्षी उगवतो. यंदा तो वसमतच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने घरच्या शेतातली चांगली सेलम जातीची हळद ‘बनावट निघाली’ म्हणून बाजूला काढली. फॉरवर्डचं म्हणणं असं: नोटा तपासायची यूव्ही (अतिनील) बॅटरी हळदीवर मारा, हिरवट चमकली तर शुद्ध, नाही तर भेसळ. चुना लावून लाल झाली तर केमिकल. चमक जितकी जास्त तितकं कुरकुमीन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, जास्त. आणि शेवटी शेपूट: हळद लावलेल्या काचेवर मोबाइल चार्ज होतो, कंपन्या हे दडवतात.

अर्धं सत्य आधी देऊन टाकतो. कुरकुमीन यूव्हीखाली चमकतं, हे खरं आहे. या रेणूच्या दोन टोकांना एकेक बेंझीनचं कडं असतं आणि मधे सात कार्बनची साखळी. साखळीच्या मध्यावर दोन ऑक्सिजन एका हायड्रोजनला धरून बसतात, त्यामुळे रेणू जवळजवळ सपाट राहतो आणि इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात. म्हणून तो ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला पिवळा दिसतो. साखळीतले फक्त दोन दुहेरी बंध हायड्रोजन घालून मोडले की टेट्राहायड्रोकुरकुमीन तयार होतं. कार्बन तितकेच, ऑक्सिजन तितकेच, पण पदार्थ पांढरा, कारण इलेक्ट्रॉनांची वाट मधेच तुटली. रंग असा रेणूच्या ठेवणीत असतो.

पण शोषलेला प्रकाश परत बाहेर पडेल की उष्णता होऊन जिरेल, ते रेणूच्या शेजाऱ्यांवर ठरतं. पाण्याचे रेणू कुरकुमीनच्या ऑक्सिजनांना चिकटतात आणि मिळालेली ऊर्जा चमकण्याआधीच जिरून जाते. शिवाय कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कोरड्या भुकटीतही रेणू एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे चमक मंदच. तीच हळद चिमूटभर घेऊन स्पिरिटमध्ये हलवा, गाळ बसू द्या आणि वरच्या पिवळ्या द्रावावर बॅटरी मारा, हिरवट उजेड लगेच दिसेल. करडीच्या तेलातही दिसतो. मावशीने पेल्यातल्या पाण्यात हळद ढवळून बॅटरी मारली होती. ती चमकणार कशी? त्यात ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त बॅटरीचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका असतो की मंद चमक त्यात बुडून जाते. उलट शेजारी ठेवलेला धुतलेला पांढरा रुमाल झकास निळा चमकतो, तो साबणाच्या पावडरमधल्या ब्राइटनरमुळे. त्याला काय शुद्ध रुमाल म्हणायचं?

आता खरा घातक मुद्दा. भेसळीच्या हळदीतही हळद असते. मक्याचं पीठ घाला, मेटानिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग घाला, लेड क्रोमेट घाला, स्पिरिटमध्ये उरलेलं कुरकुमीन चमकणारच. बॅटरी फक्त एका रेणूची हजेरी घेते, बाकी कोण आत बसलंय ते सांगत नाही. लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा पिवळाधमक रंग. तो स्वतः चमकत नाही आणि थोडासा असला तर कुरकुमीनची चमक झाकतही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ साली बांगलादेशातला हा प्रकार उघड केला: हळकुंडं पॉलिश करताना रंग उठावा म्हणून लेड क्रोमेट घातलं जात होतं. तिथल्या बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडण्याचं प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होतं, जनजागृती आणि छाप्यांनंतर २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. छापे घालणाऱ्यांच्या हातात यूव्ही बॅटरी नव्हती, एक्स-रे फ्लुओरेसन्सचं यंत्र होतं. ते थेट शिशाचा अणू ओळखतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचं नुकसान करतं. ‘चमकली, म्हणजे शुद्ध’ असं म्हणून ती हळद लेकराच्या दुधात घालणारा माणूस या फॉरवर्डने तयार केला आहे.

चुन्याचं तर हसूच येतं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे तिथेच हा मेसेज फिरतोय! चुन्याच्या अल्कलीने कुरकुमीनच्या टोकाच्या ओएच गटांतला हायड्रोजन सुटतो, इलेक्ट्रॉन आणखी सैल होतात, शोषण निळ्याकडून हिरव्याकडे सरकतं आणि रंग लाल होतो. लाल न होणाऱ्या हळदीचीच जास्त काळजी करा.

जास्त चमक म्हणजे जास्त कुरकुमीन, हेही नाही. दाट द्रावण आपलीच चमक गिळतं, म्हणून पातळ केलेलं अधिक उजळ दिसू शकतं. प्रयोगशाळेत कुरकुमीन मोजतात ते अल्कोहोलमध्ये काढून, ४२५ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो त्यावरून. चमकेवर भाव ठरवायला निघालात तर शेतकऱ्याला लुटाल.

मोबाइलचं लवकर उरकतो. रंगद्रव्याचे सौर सेल ओ’रेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये दाखवले, ते खरे आहेत. पण त्याला वीज वाहणारी काच लागते, तिच्यावर सुमारे ४५० अंशांना भाजलेला टायटॅनियम डायऑक्साइडचा थर लागतो, आयोडीनचं द्रावण आणि दुसरी काच लागते. हळदीचा सेल टक्क्याच्याही आत कार्यक्षम असतो. अर्धा टक्का धरा: भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅट ऊन, त्यातून पाच वॅट. म्हणजे एका मोबाइलला दरवाजाच्या अर्ध्या फळीएवढी काच, तीही एकेक अर्धा व्होल्टचे दहा सेल जोडून. आणि उन्हात कुरकुमीन मोडतं. हळदीचा डाग उन्हात उडतो तो याचमुळे.

घरी करायचंच असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता ठेवा. अस्सल हळद खाली बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. मेटानिल यलो पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे पाणी गडद होतं. हायड्रोक्लोरिक आम्लाची कसोटी घरी करू नका. त्यात अस्सल हळदही गुलाबी होते, पाणी घातल्यावर तो रंग जातो, मेटानिल यलोचा टिकतो, आणि हा फरक न कळता लोक पुन्हा चांगलीच हळद फेकतात. शिशासाठी मात्र घरगुती खात्रीची कसोटी नाही, नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. जमेल तिथे अख्खं हळकुंड घ्या, पाण्यात टाकून बघा. पिवळ्या रेघा लगेच सुटू लागल्या किंवा वरचा रंग धुऊन जाऊन आतलं हळकुंड फिकं निघालं, तर ते दळायला नेऊ नका.