दुकान खासगी असेल, पण फोन कोणाचा होता?

गेले काही आठवडे दापोली-गुहागर परिसरातल्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: संकेतस्थळे ज्या क्लाउड कंपन्यांच्या सर्व्हरवर चालतात त्या खासगी आहेत, आणि दुकानदाराने कोणाला माल द्यावा हा त्याचा प्रश्न आहे, म्हणून एखादे संकेतस्थळ बंद झाले तर तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषयच नव्हे. सरकारने फार तर विनंती केलेली असते, हुकूम दिलेला नसतो. एका कंपनीने काढले तर दुसरीकडे जावे. आणि ज्याने वावगे काही लिहिले नाही त्याला भिण्याचे कारण नाही. हा संदेश मला ज्यांनी पाठवला त्यांत ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते गुरुजीही आहेत, त्यामुळे तो हसण्यावारी न नेता मुद्द्यांनीच उत्तर देतो.

पहिल्या मुद्द्यातला अर्धा भाग खरा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधले स्वातंत्र्य प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मिळते, आणि कंपनीने स्वतःच्या बुद्धीने ग्राहक नाकारला तर त्या अनुच्छेदाचा आधार सहसा मिळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसद भवनावरील हल्ल्यानंतर अ‍ॅमेझॉनने ‘पार्लर’ हे समाजमाध्यम आपल्या सर्व्हरवरून काढले, तेव्हा हिंसेला चिथावणी देणाऱ्या मजकुराकडे वारंवार लक्ष वेधूनही तो हटवला गेला नाही, असे कारण तिने दिले होते, आणि सिएटलच्या न्यायालयाने पार्लरला तातडीचा दिलासा नाकारला. तो निर्णय आवडो वा न आवडो, त्याला सरकारी दडपशाही म्हणता येणार नाही.

परंतु या ‘दुकाना’ची स्थिती किराणा दुकानासारखी नाही. आपल्याकडचा क्लाउड आकाशात नसून त्याचा मोठा भाग ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या इमारतींत आहे, आणि परदेशाशी जोडणाऱ्या कितीतरी समुद्री केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी ‘मध्यस्थ’ ठरते. तिच्या सर्व्हरवर दुसऱ्याने ठेवलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून तिला कलम ७९ संरक्षण देते, पण सरकारी सूचना मिळूनही मजकूर हटवला नाही तर ते संरक्षण जाते. केंद्र सरकारच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिला ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपून ठेवावी लागते. शिवाय सरकार स्वतःच तिचे मोठे गिऱ्हाईक असते. ज्याच्या हातात परवानगी, शिक्षा आणि कंत्राट ही तिन्ही आहेत, त्याने सहज म्हणून फोन केला तरी दुकानदार तो सहज म्हणून ऐकत नाही.

येथूनच दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे ‘विनंती होती, हुकूम नव्हता’ याला, उत्तर मिळू लागते. लिहिणाऱ्याला हात न लावता त्याचे साधन दाबण्याची युक्ती इंटरनेटहून जुनी आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात ‘केसरी’चे मुद्रकही उभे होते, ते सुटले, पण छापखाने चालवणाऱ्या बाकीच्यांना जो धडा मिळायचा तो मिळालाच असेल. आणीबाणी पुकारली गेली त्या २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. त्या रात्री एकाही संपादकाला अग्रलेख मागे घ्या म्हणून सांगावे लागले नाही.

क्लाउडच्या काळातला ठळक प्रसंग डिसेंबर २०१० चा आहे. सरकारांची गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने अमेरिकी दूतावासांचे अडीच लाखांच्या घरातले संदेश प्रसिद्ध करायला घेतले होते. सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा समितीचे अध्यक्ष जो लिबरमन यांच्या कर्मचाऱ्यांनी अ‍ॅमेझॉनकडे चौकशी केली, आणि दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबरला, विकिलीक्स अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवरून गेले. कंपनीने सांगितले की हे चौकशीमुळे केलेले नाही, सेवाशर्तींचा भंग झाला म्हणून केले. तिचे म्हणणे जसेच्या तसे खरे धरले तरी एक गोष्ट उरते: या कारवाईमागे कोणत्याही न्यायालयाचा आदेश नव्हता, आणि म्हणून ज्यावर अपील करावे असेही काही नव्हते.

‘विनंती’चा कायदेशीर अर्थ काय, हे १९६३ च्या एका अमेरिकी खटल्यात फार नेमकेपणाने दिसते. ऱ्होड आयलंड राज्यातला एक सरकारी आयोग पुस्तकांच्या घाऊक वितरकाला अमुक पुस्तके आक्षेपार्ह आहेत असे कळवी, सहकार्याबद्दल आगाऊ आभारही मानी, आणि नंतर एक पोलीस येऊन त्या पुस्तकांचे काय केले अशी विचारपूस करून जाई. बंदी घालण्याचा अधिकार आयोगाला नव्हताच, तरी वितरकाने पुस्तके परत पाठवली. सर्वोच्च न्यायालयाने याला अनौपचारिक सेन्सॉरशिप ठरवले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बंदूकधारकांच्या संघटनेच्या बाजूने एकमताने तेच तत्त्व पुन्हा सांगितले. तेथे विमा कंपन्यांवर दबाव आणल्याचा आरोप न्यूयॉर्कच्या नियामक अधिकाऱ्यावर होता. (त्या संघटनेची मते मला मुळीच पटत नाहीत, पण मुद्दा मतांचा नाही.)

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून द्यावे, तर घरचा अनुभव सांगतो. आम्ही तिघे मिळून तालुक्याच्या बातम्यांचे एक लहान संकेतस्थळ चालवतो. खाडीतल्या रात्रीच्या वाळूउपशाची बातमी छायाचित्रांसह दिल्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर कंपनीचा मेल आला: ‘सक्षम यंत्रणेकडून’ तक्रार आहे, २४ तासांत मजकूर काढा, अन्यथा खाते निलंबित होईल. फोन केला तर पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, वरून मेल आलाय, तो आम्हाला दाखवता येत नाही.” शनिवारी रात्री संकेतस्थळ गेले. त्या एका बातमीबरोबर भरती-ओहोटीचे तक्ते, फेरीबोटीच्या वेळा आणि निधनवार्ताही गेल्या. सोमवारी वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिली मागणी केली ती आदेशाच्या प्रतीची. प्रत नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, प्रतिवादीच्या रकान्यात नाव कोणाचे लिहू?

माझे सगळे म्हणणे त्या रिकाम्या रकान्यापाशी येऊन थांबते. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, सरकारला इंटरनेटवरचा मजकूर अडवण्याचा अधिकार देणारे कलम ६९-ए कायम ठेवले, पण ते ठेवताना बंदीची कारणे लेखी नोंदवणे आवश्यक आहे आणि ती यासाठी की त्यांना रिट याचिकेत आव्हान देता यावे, हे आवर्जून सांगितले. गृह मंत्रालयाचे ‘सहयोग’ पोर्टल ऑक्टोबर २०२४ पासून मध्यस्थांना थेट सूचना पाठवते. त्याविरुद्धची ‘एक्स’ कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, हे येथे लपवण्याचे कारण नाही. पण पुढच्याच महिन्यात केंद्राने स्वतः नियम बदलले आणि अशी सूचना केंद्रात सहसचिव, पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यावी, तीत कायद्याचा आधार आणि मजकुराचा नेमका पत्ता असावा, असे ठरवले. मग ‘वरून मेल आलाय’ एवढ्यावर कोणाचे खाते बंद व्हावे, असे केंद्राचे नियमही म्हणत नाहीत.

तिसरा मुद्दा ‘दुसरीकडे जा’ हा. दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटवाल्याने गाडी नाकारली तर रस्ता बंद होत नाही हे खरेच आहे. खेड-चिपळूण करून गुहागरला पोचता येते. फक्त काही मिनिटांच्या खाडीसाठी अर्धा दिवस जातो. विकिलीक्सही स्वीडनमध्ये गेले, पण दोनच दिवसांत त्यांचा पत्ता सांभाळणाऱ्या कंपनीने सेवा थांबवली, आणि पाठोपाठ पेपाल, मास्टरकार्ड व व्हिसा यांनी देणग्यांचा मार्ग बंद केला. ते टिकले, कारण जगभरातल्या लोकांनी त्यांच्या शेकडो प्रती उभ्या केल्या. तालुक्याच्या संकेतस्थळाची प्रत कोण उभी करणार? आमचे जुने फोटो आणि नोंदी त्याच बंद खात्यात होत्या. त्या मिळवून दुसरीकडे पुन्हा उभे राहायला नऊ दिवस लागले, आणि तोवर खाडीतले पंप हलले होते.

चौथ्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर बंदविषयी चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या फक्त पसंत केल्या, तर दोघींना अटक झाली. ज्या कलम ६६-ए खाली हे घडले तेच पुढे न्यायालयाने रद्द केले. जुलै २००६ मध्ये सरकारने दीड डझनाच्या आसपास पत्ते बंद करायला सांगितले, तर इंटरनेट कंपन्यांनी असंख्य लोकांचे ब्लॉग जिथे होते ते सगळे ब्लॉगस्पॉटच अडवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका व्यंगचित्रासाठी ‘विकटन’ या तमिळ नियतकालिकाचे संपूर्ण संकेतस्थळ अडवले गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते खुले झाले. यांतल्या बहुतेकांनी वावगे काही लिहिलेले नव्हते.

नव्या कंपनीशी बोलणी करताना आम्ही एकच अट घातली: आमच्या मजकुराविषयी सरकारी सूचना आली तर तिची प्रत खाते बंद करण्यापूर्वी आम्हाला मिळावी. तीन कंपन्यांनी नकार दिला. चौथीने ‘कायद्याने मनाई नसल्यास’ हे शब्द घालून ती मान्य केली, आणि महिन्याचे भाडे २०० रुपयांनी वाढवले.