लिअरला कावेरी नव्हती

फेब्रुवारी जवळ आला की आमच्या नाशिकच्या घरच्यांमध्ये तात्यासाहेबांवरून, म्हणजे कुसुमाग्रज वि. वा. शिरवाडकरांवरून, वाद पेटतोच. यंदा सुरुवात चुलतभावाने केली : त्यांचं ‘नटसम्राट’ नाटक म्हणजे शेवटी शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’च ना, मग उसन्या मालाचं एवढं कौतुक कशाला? काकांनी त्याला झापलं, पण मुद्द्याला उत्तर दिलं नाही. ते मी देतो.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहतो. शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड इथून जवळ. तिथे ‘लिअर’ बघताना मध्यंतरात शेजारचे आजोबा बोलायला लागले. मी म्हटलं, आमच्या गावच्या एका नाटककाराने या म्हाताऱ्याला बायको दिलीय. ते थबकले. ‘मग ती काय करते?’ मी म्हटलं, ‘त्याच्या आधी जाते.’ आजोबा कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.

हेच तर शिरवाडकरांचं काम आहे. लिअर हा सगळं मुलींना वाटून टाकणारा राजा आहे, त्याची राणी रंगमंचावर येतच नाही. ‘नटसम्राट’मधला गणपतराव बेलवलकर निवृत्त नट आहे, आणि त्याच्यासोबत त्याची बायको कावेरी आहे. सगळं मुलांना वाटून टाकू नका, आपल्यापुरतं काही राखा, हे तिला कळतं. मुलीच्या, नलूच्या, घरी चोरीचा आळ आल्यावर रात्री बाहेर पडतात ते दोघं. आई-वडिलांना सांभाळण्यावरून भावंडांत धुसफूस झालेलं कुठलंही मराठी घर त्यात स्वतःला ओळखतं. हे शेक्सपिअरमध्ये कुठे आहे?

आणि शेक्सपिअरने तरी लिअर कुठून आणला? त्याच्या आधी याच राजावर एक जुनं नाटक होतं, १६०५ मध्ये छापलेलं. त्याचा शेवट गोड आहे. शेक्सपिअरने तो मोडला आणि धाकट्या मुलीला मारलं. त्याला इथे कोणी चोर म्हणत नाही. तात्यासाहेबांनी तर ‘ऑथेल्लो’ मराठीत आणताना नावसुद्धा बदललं नाही.

माझी खंत वेगळीच आहे. आमच्या शाळेत २७ फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या जयंतीला, फोटोला हार, मग कविता, मग भाषण. नाटकातला एक प्रवेश कोणी कधी करून दाखवला नाही. गोदावरी सिनेटोनच्या ‘सती सुलोचना’ या चित्रपटाचं लेखन करणारे आणि त्यात लक्ष्मण झालेले तरुण शिरवाडकर तर मला इथे आल्यावर वाचून कळले. १९३० च्या दशकातली ही गोष्ट, आणि तीही आपल्याच नाशिकातली! स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरची आठवण म्हणजे मुख्यतः त्याचे प्रयोग. ते मला आपल्याकडे हवंय.

इथलं सगळंच चांगलं असं मात्र नाही. माझ्या मुलीला ‘मॅकबेथ’ परीक्षेपुरता माहीत आहे, तिकीटही स्वस्त नसतं. उलट पंचवटीतला आमचा न्हावी ‘नटसम्राट’मधलं घर मागणारं ते स्वगत दाढी करता करता म्हणायचा. एक शब्द चुकायचा नाही. वस्तरा गालावर तसाच थांबलेला असायचा आणि बाकावरची माणसं पेपर खाली ठेवायची.

भावाला मी एवढंच कळवलंय : पुढच्या फेब्रुवारीत मी येतोय. कालिदास नाहीतर साईखेडकर नाट्यगृहात, जिथे मिळेल तिथे, शिरवाडकरांच्या कुठल्याही नाटकाचा प्रयोग असेल तर तिकिटं काढून ठेव. आईला पुढची रांग लागते, तिला हल्ली कमी ऐकू येतं.