लिस्बन बसच्या काचेतून पाहू नका

मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं ग्रुप टूरने युरोपला गेलो होतो. लिस्बनला पहिल्या दिवशी बसने तीन तासांत शहर दाखवलं. नदीकाठचा बेलेंचा बुरूज, दर्यावर्दींचं ते उंच स्मारक, वास्को द गामाची कबर असलेला मठ, सगळं झालं. गाइड बोलताना 'शोधांचं युग' हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. आमचे हे गोव्यातल्या फोंड्याचे, जन्म १९५६चा, म्हणजे पोर्तुगीज राज्यातला. बसमध्ये ते एकदम गप्प झाले होते. ते स्मारक आज आहे त्या रूपात १९६० साली उभं राहिलं आणि १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. एका वर्षाचं अंतर. हे कुणी सांगितलं नाही.

दुसरा दिवस मोकळा होता. बाकी मंडळी खरेदीला गेली. आम्ही ठरवलं, आज गाडी नाही, ट्रॅम नाही, फक्त पाय. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय, त्यामुळे नियम एकच होता, चाल माझी आणि थांबणंही माझं.

सुरुवात रोसियो चौकातून केली. फरशी काळ्या-पांढऱ्या दगडांची, तिच्यावर समुद्राच्या लाटांची नक्षी. पांढरा चुनखडक, काळा बसाल्ट. प्रत्येक दगड हाताने फोडून, हाताने बसवलेला. शहरातले बहुतेक फुटपाथ असेच आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षं माणसांच्या तळव्यांनी घासून ते गुळगुळीत झालेत. (जाणार असाल तर पकड असलेले बूट घ्याच, पावसात ते दगड फार निसरडे होतात.)

चौकाच्या उत्तरेला खांबांचं देखणं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. १८४६मध्ये सुरू झालं. त्याच जागेवर पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप ठेवून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा वाडा होता. आपल्याकडे गोव्यात १५६०मध्ये जे इन्क्विझिशन आलं, त्याचं मूळ घर हे. तिथून दोन मिनिटांवर सांव दोमिंगोसचं चर्च. १५०६च्या एप्रिलमध्ये याच चर्चमधून ज्यूंची कत्तल सुरू झाली. बळजबरीने ख्रिस्ती केलेली माणसं होती ती. हजारावर बळी गेले. आता बाहेर चौकात त्यांच्यासाठी दगडी स्मारक आहे. १९५९मध्ये चर्चला मोठी आग लागली. नंतर दुरुस्ती झाली, पण आत काळवंडलेले, तडकलेले खांब तसेच ठेवलेत. आम्ही वीसेक मिनिटं आत बसलो. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "गोव्यात काय झालं ते लहानपणापासून ऐकलं. यांनी आपल्याच गावात काय केलं, ते आज कळलं."

ही गोष्ट बसमधून कशी कळणार? रोसियोवरून बस जाते तेव्हा खिडकीतून नाट्यगृह दिसतं, कारंजी दिसतात, लोक फोटो काढतात. शहर सुंदर दिसतं आणि मागे पडतं. शहराचा हिशेब कळायला त्याच्या दगडावर उभं राहावं लागतं, हे माझं ठाम मत झालंय.

पुढे बायशा, म्हणजे सखल भाग. रस्ते आखणीतले, सरळ, एकमेकांना काटकोनात. १ नोव्हेंबर १७५५ला सकाळी इथे प्रचंड भूकंप झाला. सणाचा दिवस, माणसं चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या. मग समुद्र आत आला, मग आग, आणि ती कितीतरी दिवस विझली नाही. त्यानंतर पोंबाल या मंत्र्याने हा भाग नव्याने बांधून घेतला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले, म्हणजे पुन्हा धक्का बसला तर घर डुलेल पण पडणार नाही. गल्ल्यांना धंद्यांची नावं दिली, सोन्याची, चांदीची, चांभारांची. आपल्या तांबट आळी, कासार आळीसारखीच.

याच गल्ल्यांत यांचा चेहरा खुलला. दुकानांच्या पाट्या वाचत चालले होते ना! किल्ल्या करून देणाऱ्याच्या दारावर 'शावेश', म्हणजे आपली चावी. खाणावळीच्या फळ्यावर 'बटाटा', बेकरीत 'पांव', फळवाल्याकडे 'अननस'. पैशांच्या गल्ल्यावर लिहिलेलं 'पागार', म्हणजे पैसे देणे, आणि आपण दर महिन्याला घेतो तो पगार. तुरुंग, परात, बिजागरी, हे शब्दही त्यांच्याकडूनच आलेत. राज्य गेलं, शब्द आपल्या घरात राहिले, आणि ते आता आपलेच आहेत. मला यात अपमान वाटत नाही, कुणालाच वाटू नये.

मग कार्मोचा चढ. माझ्यासाठी अवघड होता, तीनदा थांबले. वर जुना मठ आहे. १७५५मध्ये त्याचं छत कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी आणि वर उघडं आकाश. समोरच्या चौकात जाकारांदा जांभळा फुललेला. "मातशें बसूंया गे," हे म्हणाले, आणि आम्ही बाकावर बसलो.

हा चौक प्रत्येक गोवेकराने पाहायला हवा, असं मला मनापासून वाटतं. २५ एप्रिल १९७४ला पोर्तुगालच्या हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानो इथल्या बराकीत लपला होता. बाहेर चिलखती गाड्या होत्या आणि हजारो लोक, सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं. संध्याकाळपर्यंत त्याने सत्ता सोडली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं. तोवर तेरा वर्षं पोर्तुगाल ते मानतच नव्हता! म्हणजे गोव्याचा मालक असल्याचा दावा ज्यांनी धरून ठेवला होता, त्यांना पोर्तुगीज लोकांनीच खाली खेचलं. हे ऐकून हे बराच वेळ त्या बराकीच्या दाराकडे बघत होते. माझा हात धरून होते. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही असं नुसतं बसलो असू, असे दिवस थोडे.

जेवण उभ्या-उभ्या झालं. नंतर दुपारी से नावाच्या जुन्या कॅथेड्रलवरून आल्फामा या जुन्या वस्तीत शिरलो. ही वस्ती भूकंपातून बरीचशी वाचली, म्हणून गल्ल्या अजून वेड्यावाकड्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या, वर वाळत घातलेले कपडे. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक दिसतो. सकाळी ज्या भागातून चाललो, त्याचं गेलेलं रूप. खाली खरी तेजो नदी.

उतरताना एका छोट्या दुकानात चेरी घेतल्या. दुकानवाल्या आजींनी बोटं दाखवून किंमत सांगितली आणि यांनी नाणी मोजली, मोठ्याने, "उं, दोयश, त्रेश, क्वात्रु..." आजी चकित! हे आकडे मामंजींनी शिकवलेले. मामंजी पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिक, शिकले होते, दुकानाचा हिशेब त्याच भाषेत मांडायचे, आणि गोवा मुक्त झाला त्या दिवशी त्यांनीच आळीत पेढे वाटले होते. लिस्बन त्यांनी कधी पाहिलं नाही.

पुढे पायऱ्या उंच होत्या. यांनी माझा हात घट्ट धरला आणि एकेक पायरी मोजत मला खाली आणलं. यांना आकडे दहापर्यंतच येतात. दहा झाले की पुन्हा उं, दोयश, त्रेश.