परदेशातून: रुग्ण कल्याण समितीत रुग्ण कुठं आहे?

परभणीला सरकारी मेडिकल कॉलेज २०२३ मध्ये सुरू झालं, जालना आणि हिंगोलीला २०२४ मध्ये. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या बातम्या आल्या तेव्हा आनंद झाला आणि पाठोपाठ वादही. काहींचं म्हणणं, आता पेशंटला घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत पळायची गरज राहणार नाही. बाकीचे म्हणतात, इमारत उभी राहील, पण डॉक्टर आणि औषधं कुठून येणार? ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये बसून मी हा वाद वाचते आणि मला दोन्ही बाजूंचं पटतं. फक्त दोन्हीकडच्या बोलण्यात एक माणूस सापडत नाही. तो म्हणजे खाटेवरचा रुग्ण, आणि त्याच्या उशाशी चटई टाकून बसलेला नातेवाईक. दवाखाना कसा चालवायचा यात त्यांनीही बोलायचं असतं, हे कुणी मांडतच नाही.

मी इथं क्वीन्सलँड राज्यात एका सरकारी दवाखान्याच्या सल्लागार गटात रुग्णांची प्रतिनिधी आहे. वैद्यकीय शिक्षण काहीही नाही. नोकरी हिशेबाची, आणि हे काम स्वेच्छेनं करायचं. सुरुवातीला प्रशिक्षण मिळतं, बैठकीचा भत्ता मिळतो. पहिल्याच प्रशिक्षणात सांगितलं गेलं की स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन खुर्चीवर बसू नका. ज्यांना इथं येता येत नाही त्यांच्याशी आधी बोलून या.

काम वरवर पाहता लहान वाटतं. घरी सोडताना रुग्णाला दिला जाणारा कागद छापण्याआधी आमच्याकडे येतो. औषध जेवणाआधी की नंतर, टाके कधी काढायचे, ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे साध्या माणसाला कळतंय का ते आम्ही बघतो. तक्रारींचा गोषवारा आमच्यासमोर मांडला जातो: किती आल्या, कशाबद्दल, पुढं काय झालं. इथं दुभाषा मोफत मिळतो, पण ओपीडीच्या पत्रात ही गोष्ट अगदी तळाशी आणि तीही इंग्रजीतच छापलेली होती. मुलाकडे राहायला आलेल्या आपल्याकडच्या आजीनं ती कशी वाचायची? मी हा मुद्दा मांडला. दोन-तीन बैठका चर्चा चालली आणि ती ओळ अनेक भाषांत पत्राच्या वरच्या बाजूला आली. त्या बदलानं किती जणांचे हेलपाटे वाचले असतील ते मोजता येणार नाही, पण मला त्याचं फार समाधान आहे.

इथल्या दवाखान्यांनी हे भलेपणा म्हणून केलेलं नाही. क्वीन्सलँडच्या २०११ च्या रुग्णालय कायद्यानं प्रत्येक विभागीय आरोग्य सेवेला रुग्ण आणि जनतेला सोबत घेण्याचं धोरण आखणं बंधनकारक केलं. देशपातळीवर दवाखान्यांच्या गुणवत्तेचे आठ निकष आहेत, त्यातला दुसरा रुग्णांसोबत भागीदारीचा. तपासणीला आलेले लोक तो पाळल्याचा पुरावा मागतात. आणि या सगळ्यामागं माणसांचं दुःख आहे. २००७ मध्ये रॉकहॅम्प्टनला रायन नावाचा, तीन वर्षांचाही न झालेला मुलगा दवाखान्यात दगावला. त्याची तब्येत बिघडतेय हे आई-वडील सांगत होते, पण त्यांचं म्हणणं पुरेसं ऐकलं गेलं नाही. २०१३ पासून क्वीन्सलँडमध्ये 'रायन्स रूल' आहे. आपल्या माणसाची प्रकृती ढासळतेय आणि कुणी लक्ष देत नाही असं वाटलं, तर आधी नर्सला किंवा डॉक्टरला सांगायचं, मग वॉर्डच्या प्रमुख नर्सला, आणि तरीही समाधान झालं नाही तर एका ठरलेल्या नंबरवर फोन करून फेरतपासणी मागायची. ती मागायचा हक्क घरच्यांना आहे.

आता नांदेड आठवा. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यातली १२ नवजात बाळं होती. खाटांपेक्षा जास्त रुग्ण, औषधांची टंचाई, उशिरा आणलेले रुग्ण, अशी सगळी चर्चा झाली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्याच दिवसांत एका खासदारांनी अधिष्ठात्यांना हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. पुष्कळ लोकांना तो बघून बरं वाटलं. मला त्या डॉक्टरांचं वाईट वाटलं आणि रुग्णांचं त्याहून जास्त, कारण त्या प्रसंगानं रुग्णाच्या हाती काहीच लागलं नाही. सफाई कामगारांची किती पदं रिकामी आहेत, औषधाची मागणी कधी गेली, ती कुठल्या टेबलावर अडली, हे प्रश्न दर महिन्याला, नोंदीसह, कुणीतरी विचारत राहायला हवे होते. औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण करायचं ठरलं. हे बदल मुंबईत झाले. त्यांचा परिणाम 'बाहेरून आणा' म्हणून लिहिलेल्या चिठ्ठीतून सोसला तो वॉर्डातल्या माणसानं.

असा माणूस दाद मागायला कुठं जाईल? सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, पण जिथं सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी दवाखाने त्यातून वगळले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसह सगळे उपचार मोफत झाले. फार चांगला निर्णय आहे तो, मनापासून म्हणते. पण अशा दवाखान्यात फुकट उपचार घेणाऱ्याला ग्राहक आयोगाचं दार बंदच आहे. म्हणून त्याचा आवाज दवाखान्याच्या आतच ऐकला जाईल अशी जागा असणं आपल्याकडे इथल्यापेक्षाही जास्त गरजेचं आहे.

आणि ती जागा कागदावर आहे! २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत दवाखान्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समित्या आहेत. गावाला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. मेडिकल कॉलेजांना अभ्यागत मंडळ, म्हणजे भेट देऊन कारभार बघणारं मंडळ असतं. या समित्यांवर अशासकीय सदस्य घेतले जातात, पण नेमणुकीच्या वेळी कोण कुठल्या नेत्याचा हे बघितलं जातं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मागच्या वर्षी त्याच दवाखान्यात बाळंत झालेली बाई, डायलिसिसला नेमानं येणाऱ्याचा भाऊ, पायानं अधू असलेला शेतकरी, ही माणसं त्या टेबलाशी दिसत नाहीत.

मराठवाड्यात याहून चांगलं घडलेलं आहे. २००७ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव होता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतीपत्रक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून बाहेरच्या चिठ्ठ्यांबद्दल, मुख्यालयी न राहणाऱ्या डॉक्टरांबद्दल विचारलं. इथल्या बंद खोलीतल्या, चहा-बिस्किटांसह चालणाऱ्या सभ्य बैठकांपेक्षा मला ते कितीतरी धाडसाचं वाटतं. आमच्या गटात बहुतेक निवृत्त, शिकलेले, इंग्रजीत सफाईनं बोलणारे लोक असतात. इथल्या आदिवासींच्या आरोग्याचे प्रश्न सगळ्यात गंभीर, आणि त्यांची माणसं बैठकीत सगळ्यात कमी. कधी कधी निर्णय आधीच झालेला असतो आणि आमची फक्त मान डोलवून घ्यायची असते. ऑस्ट्रेलियाचा नमुना जसाच्या तसा उचला असं मी मुळीच म्हणणार नाही. इथून घ्यावं ते एवढंच: कायद्यातलं बंधन, प्रशिक्षण, आणि बुडालेल्या दिवसाचा मोबदला. आपल्याकडचं देखरेखीचं काम निधीअभावी आकसत गेलं, कारण ते कुणावर बंधनकारक नव्हतं.

सेलूचे माझे चुलतभाऊ म्हणतात, "बाई, तुमच्याकडं पैसा हाय म्हणून हे सुचतंय. इथं सलाईनचा स्टँड नाही, नातेवाईक बाटली धरून उभा राहतोय." दादांचं बोलणं खोटं नाही. पण स्टँड नाही हे सगळ्यात आधी त्या बाटली धरणाऱ्यालाच कळतं, आणि रुग्ण कल्याण समितीकडचा निधी अशाच किरकोळ, तातडीच्या गोष्टींसाठी आहे. कमी पैसा असेल तर तो कशावर आधी खर्च करायचा हे ठरवताना वापरणारा माणूस तिथं असणं अधिकच महत्त्वाचं.

त्या माणसाच्या सोयीनं बैठका घ्याव्या लागतील. बीडच्या ऊसतोड महिलांचं उदाहरण घ्या. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तेव्हा सरकारी पाहणीत ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ती शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. बहुतेक खासगी दवाखान्यांत. या बायका सरकारी दवाखान्यात का गेल्या नाहीत, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जानेवारीत तहसीलच्या गावी सकाळी अकराला बैठक ठेवली, तर त्यांची खुर्ची रिकामीच राहणार. पावसाळ्यात, गावाजवळ, मजुरी देऊन ठेवली तर त्या येतील आणि बोलतीलही.

डॉक्टरांच्या बाजूनं भीती आहे, तीही समजून घेतली पाहिजे. मराठवाड्यातल्या दवाखान्यांत निवासी डॉक्टरांनी नातेवाइकांचा मार खाल्ला आहे. समितीवर आलेला माणूस दमदाटी करेल, बदलीची धमकी देईल, असं त्यांना वाटतं. म्हणून नेमणुकीची मुदत ठरलेली हवी, कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी नको, आणि एका रुग्णाचं प्रकरण बैठकीत चालवायचं नाही हा नियम हवा. इथं तो कसोशीनं पाळतात. माझ्या अनुभवात हळूहळू नर्सेसच आम्हाला येऊन सांगू लागल्या की अमुक गोष्ट आम्ही बोललो तर ऐकली जात नाही, तुम्ही बोला.

दादांना मी सध्या एवढंच सुचवलंय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण कोण आहे, गेल्या दोन वर्षांत बैठका कधी झाल्या, त्यांची इतिवृत्तं आणि निधीचा खर्च मागा. उत्तर आलं की ग्रुपवर टाका. पुढची मुदत सुरू होईल तेव्हा कुणाची नावं सुचवायची ते आपण सगळे मिळून ठरवू. मला पहिलं नाव आमच्या गल्लीतल्या त्या शिक्षिकेचं सुचतं, ज्या सासूबाईंना चार वर्षं डायलिसिसला घेऊन जात होत्या.